खोकला सांगायचा कुणाला?

१८९८, चिकपेठ

आश्विनातली सकाळ. बेंगळुरूच्या पेठेत, चिकपेठेच्या मागच्या बोळात, तुम्ही एका रंगाऱ्याच्या घराच्या सोप्यावर बसला आहात. घर मराठी बोलतं. शहाजीराजांकडे बेंगळुरूची जहागीर आली त्याला अडीचशेहून जास्त वर्षं झाली. तेव्हापासून या ना त्या निमित्तानं इथं आलेली, इथंच रुजलेली अशी अनेक घरं या पेठांत आहेत. बाहेर कानडी, आत मराठी, आणि दोन्हींचा हेल एकच.

घरातली म्हातारी स्वयंपाकघरातून बाहेर येते. कणगीमागं उंदीर मरून पडलाय. काल शेजारी दोन पडले होते. ती कुणाला विचारायला जात नाही. लेकाला सांगते, "उंदीर पडायला लागले. आता हे घर सोडायचं. पोरांना घेऊन रानात चला."

तुम्हाला उठता येत नाही. रात्रीपासून ताप आहे, डोकं फुटेल असं दुखतंय, आणि जांघेत सुपारीएवढी गाठ हाताला लागतेय. पाय जमिनीवर ठरत नाहीत. प्लेग ऑगस्टमध्ये शहरात आला, रेल्वेच्या वाटेनं. आधी मुंबई, मग पुणं, मग धारवाड-हुबळीकडचा मुलूख, आणि आता ही पेठ. गल्ल्या अरुंद, घरं एकाला एक चिकटलेली, धान्याची कोठारं माणसांच्या उशाशी. उंदराला आणखी काय हवं?

आता तुम्ही जाणार कुणाकडे? कोपऱ्यावरचा वैद्य काढा देईल. सरकारी माणसाला कळलं, तर तुम्हाला गावाबाहेरच्या छावणीत नेतील आणि घरच्यांना वेगळं ठेवतील. घर रिकामं करून कौलं उतरवतील, भिंतींना चुना फासतील, गोधड्या जाळतील. छावणीत गेलेला परत येतोच असं नाही, हे साऱ्या बोळाला माहीत आहे. म्हणून घरचे तुम्हाला मागच्या खोलीत घेतात, वर कांबळं टाकतात आणि दार ओढून घेतात. याला अडाणीपणा म्हणू नका. उपचार मिळणार नाही आणि घर मात्र जाणार, असा व्यवहार समोर असेल तर शहाणा माणूसही रोग लपवील.

पुण्यात गेल्या वर्षी याच व्यवहाराचं काय झालं ते तुम्ही जाणता. रँडच्या प्लेग कमिटीनं गोरे सैनिक घराघरांत घुसवले. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव साजरा होत असताना, चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडला गाठलं. त्याच हीरक महोत्सवाच्या निमित्तानं इकडे बेंगळुरूत म्हैसूरच्या राजप्रतिनिधी महाराणींनी व्हिक्टोरिया हॉस्पिटलची पायाभरणी केली. ती इमारत अजून उभी राहतेय. लॉर्ड कर्झन तिचं उद्घाटन करील १९०० च्या डिसेंबरात. तुमची गाठ तेवढी थांबणार नाही.

छावणीत काम करणारे डॉक्टर वाईट आहेत असंही नाही. पद्मनाभन पल्पू नावाचे एक डॉक्टर तिथं राबत आहेत. ईळव जातीचे म्हणून त्रावणकोर संस्थानानं त्यांना नोकरी नाकारली, म्हैसूरनं दिली. प्रेतांच्या आणि विव्हळणाऱ्या माणसांच्या मध्ये ते दिवसरात्र उभे आहेत. पण त्यांच्या पेटीत तुमच्यासाठी औषध नाही. येरसँनं चार वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधला, तरी त्याला मारणारं औषध यायला अजून जवळपास अर्धं शतक आहे. मुंबईत हाफकिननं लस केली, १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. ती निरोग्याला वाचवू शकते, तुम्हाला नाही. आणि याच १८९८ सालात, कराचीत, पॉल-लुई सिमों नावाचा फ्रेंच डॉक्टर दाखवून देतोय की मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू माणसाला चावते आणि रोग देते. त्याचं म्हणणं वैद्यकाला पटायला पुढची कित्येक वर्षं जातील. तोवर भिंती धुतल्या जातील, गोधड्या जळतील, आणि पिसू शेजारच्या घरात उडी मारील.

म्हणजे या घटकेला या शहरात रोगाची नेमकी खूण कुणाला कळली आहे? कणगीमागचा उंदीर पाहून घर सोडायला निघालेल्या म्हातारीला. तिला पिसूचं काही ठाऊक नाही, पण उंदीर पडले की माणसं पडतात हा क्रम तिनं पक्का धरला आहे. कचेरीच्या कागदांवर तिचं म्हणणं कुठंच नोंदलं जात नाही.

तुमच्यानंतर शहर बदलेल. आधीच आखून ठेवलेल्या मल्लेश्वरम आणि बसवनगुडीत माणसं राहायला जातील. तिथं रस्ते रुंद, घरांमागं सफाईची वाट, अंगणात ऊन. पेठेत जागोजाग प्लेगअम्माची देवळं उभी राहतील. शहरानं प्लेगपासून मोकळ्या हवेचा धडा घेतला. आजारी माणसाचं बोलणं ऐकून घ्यायचा धडा घ्यायला मात्र त्याच शहरातल्या एका बंगल्याला आणखी साठ-बासष्ट वर्षं लागतील. तिकडेच चला.

१९६१, तुमकूर जिल्हा

बेंगळुरूपासून वायव्येला सत्तरेक किलोमीटर. नाचणीची शेतं, नारळाच्या बागा, बांधावर चिंच. तुम्ही चाळिशीतले शेतकरी आहात. पेरणीच्या आधीपासून खोकताय. सकाळी बेडका पडतो, संध्याकाळी अंग कोमट होतं, रात्री घाम येतो. धोतराची गाठ दरवेळी दोन बोटं आत सरकतेय. बायकोनं तुमचं अंथरूण पोरांपासून वेगळं घातलंय. कुणी सांगितलं नव्हतं, तिलाच वाटलं.

तुम्ही गप्प बसलेला नाही. पहाटे उठून दोन तास चालत सरकारी दवाखान्यात गेलात. रांगेत चाळीसेक माणसं. पोरांचे ताप, हगवण, खरूज, डोळे आलेले, कानातून पू, पायाला लागलेलं खुरपं. डॉक्टर एकटे. तुमची पाळी आली तेव्हा त्यांनी मान वर करून विचारलं, "काय होतंय?" "खोकला." चिठ्ठीवर पेन चाललं आणि तुम्ही कंपाउंडरच्या खिडकीशी पोचलात.

"बाटली आणली?"

आणली होती. घरून धुऊन, बुचासकट. कंपाउंडरनं मोठ्या बरणीतून तांबूस मिक्श्चर ओतलं. मग कागदाची एक पट्टी घेतली, तिची घडी करून कात्रीनं कोपरे छाटले, उलगडली, आणि खळीनं बाटलीच्या अंगाला उभी चिकटवली. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. दिवसातून तीनदा, बाटली हलवून. घशाला बरं वाटलं. खोकला तसाच राहिला. तुम्ही पुन्हा गेलात, पुन्हा तीच बाटली, तीच पट्टी. मग तालुक्याच्या गावी खासगी डॉक्टरकडे शेंगदाण्याचे पैसे गेले. आता तुम्ही जायचं सोडून दिलंय, कारण काम पडलंय आणि पैसे संपलेत.

याच दिवसांत गावात जीप येते. राष्ट्रीय क्षयरोग संस्थेची माणसं आहेत. ही संस्था १९५९ मध्ये बेंगळुरूत उभी राहिली, आणि १६ सप्टेंबर १९६० ला पंतप्रधान नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. गावात छातीचे फोटो निघतात, बेडका तपासायला डब्या वाटल्या जातात. काही दिवसांनी एक तरुण वही घेऊन तुमच्या ओट्यावर येऊन बसतो. औषध देत नाही, उपदेश करत नाही. तुम्हाला क्षय आहे का, असंही विचारत नाही. अंगात काय काय जाणवतं, कधीपासून, त्याची काळजी वाटली का, मग काय केलंत, कुठं गेलात, तिथं काय मिळालं, एवढंच विचारतो आणि लिहून घेतो.

तुम्ही सांगता. बेडका, घाम, धोतराची गाठ, वेगळं अंथरूण, दोन तासांची चाल, बाटली, पट्टी. कुणीतरी तुमचा खोकला पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकतोय.

आता जीपबरोबर परत चला. बेंगळुरूच्या बळ्ळारी रस्त्यावरच्या ॲव्हलॉन नावाच्या बंगल्यात संस्थेचं काम चालतं. तिथं टेबलावर जिल्हाभरच्या वह्यांची बेरीज मांडली जातेय. देबबर बॅनर्जी नावाचे डॉक्टर आहेत. वैद्यकाबरोबर मानववंशशास्त्र शिकलेले, हिमालयातल्या खेड्यांत काम केलेले. त्यांच्यासोबत स्टिग अँडरसन. या संस्थेच्या उभारणीत जागतिक आरोग्य संघटनेचे हाफडान माहलर हे डॅनिश डॉक्टर पहिल्यापासून आहेत. देशभरच्या पाहणीनं आधीच दाखवून दिलंय की क्षय हा काही शहरातल्या गिरणीकामगारांचाच रोग नव्हे. खेड्यांतही तो तेवढाच आहे, हजारी सुमारे चार माणसांच्या बेडक्यात जंतू आहेत. प्रश्न हा आहे की त्यांना शोधायचं कसं. समज असा की खेडूत अडाणी, त्यांना रोगाची जाणीव नाही, ते होऊन येणार नाहीत. म्हणून क्ष-किरणांच्या गाड्या गावोगाव फिरवायच्या आणि रोगी हुडकून काढायचे.

वह्या वेगळंच सांगतात. क्षयाच्या शंभर रोग्यांपैकी सुमारे ९५ जणांना आपल्या लक्षणांची जाणीव होती. सुमारे ७२ जणांना त्याची काळजी लागून राहिली होती. सुमारे ५२ जण आपल्या पायांनी दवाखान्यात जाऊन आले होते. आणि त्यातले बहुतेक खोकल्याची बाटली घेऊन घरी परतले होते.

या आकड्यांपाशी थोडं थांबा. हुडकून काढायचा म्हणून ज्याच्यासाठी गाड्या आणायच्या, तो रोगी दोन तास चालून आधीच सरकारच्या दारात आला होता. तिथं उणीव होती ती त्याला ओळखण्याची. बॅनर्जी आणि अँडरसन यांचा हा अभ्यास १९६३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. त्याचा निष्कर्ष मी माझ्या शब्दांत सांगतो. जो आपण होऊन येतो त्याच्यापासून सुरुवात करा. त्याला बरा करा. त्याच्या घराजवळच्या दवाखान्याला ते जमेल अशी तजवीज करा. तो बरा झालेला दिसला की शेजारी आपोआप येतील.

जमेल का, हे तुम्ही आता स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. त्याच दवाखान्यात, मिक्श्चरच्या बरणीशेजारी, एक टेबल मांडलंय. त्यावर सूक्ष्मदर्शक, स्पिरिटचा दिवा, तीन बाटल्या. तंत्रज्ञ तुमच्या सकाळच्या बेडक्यातला पिवळसर कण काडीनं उचलतो, काचपट्टीवर पातळ पसरतो, वाळवतो. त्यावर कार्बोल फुक्सिनचा लालभडक रंग ओततो आणि खालून दिव्याची ज्योत फिरवतो. वाफ निघाली पाहिजे, रंग उकळता कामा नये. पाच मिनिटं. पाण्यानं धुतो. मग गंधकाम्ल. पट्टीवरचा बाकी सगळा लाल रंग उतरतो. शेवटी मिथिलिन ब्लूचा निळा हात. क्षयाच्या जंतूभोवती मेणचट आवरण असतं. एकदा आत शिरलेला लाल रंग ते आम्लालाही सोडत नाही. काचेवर तेलाचा थेंब टाकून तो भिंगातून पाहू लागतो. निळ्या पडद्यावर बारीक लाल काड्या, काही सुट्या, काही जोडीनं. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखनं बर्लिनमध्ये जगाला दाखवलेला जंतू आता तुमकूरच्या दवाखान्यात तुमच्या नावाच्या पट्टीवर आहे. लागला तो फार तर अर्धा-पाऊण तास आणि काही पैशांचा रंग.

औषधही आता आहे. स्ट्रेप्टोमायसीन १९४४ पासून, आयसोनियाझिड १९५२ पासून. आणि ते घ्यायला मिरजजवळच्या वानलेसवाडीसारख्या सॅनिटोरियमात वर्षभर पडून राहायची गरज नाही. मद्रासला झालेल्या प्रयोगात सॅनिटोरियमातले रोगी आणि चाळवजा घरात राहून त्याच गोळ्या घेणारे रोगी जवळपास सारखेच बरे झाले, घरच्यांनाही जास्त लागण झाली नाही. १९५९ मध्ये हे छापून आल्यावर जगभरच्या सॅनिटोरियमांचा पायाच सुटला. तेव्हा तुम्ही घरी राहता, शेत बघता, महिन्याच्या गोळ्या दवाखान्यातून नेता. १९६२ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम याच पायावर उभा राहिला. जिल्ह्याला एक केंद्र, आणि तपासणी-उपचार मात्र नेहमीच्या दवाखान्यांतूनच.

१९७८, अल्मा-आता, आणि गडचिरोली

माहलर पुढं जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक झाले, १९७३ ते १९८८. त्यांच्या कारकिर्दीत, सप्टेंबर १९७८ मध्ये, कझाकस्तानातल्या अल्मा-आता इथं १३४ देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मान्य केला. आरोग्यसेवा माणसाच्या घराजवळ, त्याला परवडेल अशी, त्याच्या सहभागानं. तुम्ही त्या सभागृहात मागं बसून ऐकत असाल तर तुमकूरचा ओटा तुम्हाला आठवेल. माझ्या मते त्या जाहीरनाम्याच्या मुळाशी असलेल्या अनेक अनुभवांत खोकल्याच्या त्या बाटलीचा वाटा मोठा आहे.

तत्त्व मान्य झालं म्हणजे सगळं झालं नाही. कार्यक्रम कागदावर देशभर पोचला, पण कुठं रंग संपलेला, कुठं तंत्रज्ञाची जागा रिकामी, कुठं गोळ्या महिनाभर आलेल्याच नाहीत. दोन महिन्यांत खोकला थांबला की रोगी येईनासे होत, आणि त्यांच्या मागावर जाणारं कुणी नसे. १९९७ पासून सुधारित कार्यक्रम आला, समोर बसवून गोळ्या देण्याची पद्धत आली, ती सगळ्या देशात पोचायला २००६ उजाडलं.

बेंगळुरूला परतताना वाटेत गडचिरोलीत उतरा. ऐंशीच्या दशकाचा शेवट. अभय आणि राणी बंग यांच्या कामात सामील झालेली गावातली एक सुईण खाटेवरच्या तान्ह्या बाळाच्या पोटाकडे टक लावून बघतेय. तिला लिहिता-वाचता येत नाही. तिच्या हातात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मोजायला मणी आहेत. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, वर्षाच्या आतलं ५०, पाच वर्षांच्या आतलं ४०, तर तो साधा खोकला नव्हे, न्यूमोनिया समजायचा आणि औषध तिथल्या तिथं सुरू करायचं. छातीला नळी लावायला डॉक्टर नाही, फोटो काढायला यंत्र नाही. तरी या पद्धतीनं तिथल्या बालमृत्यूंत घट झाली. हे निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. बाळाची आई "पोट उडतंय" म्हणून आधीच सांगत होती. फक्त तिच्या सांगण्याला आकडा जोडणारं माणूस दाराशी हवं होतं.

आज, बेंगळुरू

आता तुम्ही पीण्या या कारखान्यांच्या भागामागच्या वस्तीत भाड्याच्या खोलीत राहता. गाव सोलापूरकडचं. कॅब चालवता, दिवसाचे बारा तास काचा बंद, एसी चालू. खोकला सुरू होऊन दोन आठवडे होऊन गेलेत.

पहिल्यांदा तुम्ही कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलात. काउंटरवरच्या पोरानं ॲझिथ्रोमायसीनच्या तीन गोळ्या आणि खोकल्याचं सिरप दिलं. पाच मिनिटांत काम झालं, खाडा झाला नाही. आठवड्यानं खोकला तसाच, म्हणून एका खासगी दवाखान्यात गेलात. तिथं लिव्होफ्लॉक्सासीन मिळालं. तीन दिवस बरं वाटलं. हे बरं वाटणंच धोक्याचं होतं. लिव्होफ्लॉक्सासीन क्षयाच्या जंतूवर चालतं, पण एकटंच, थोडे दिवस घेतलं तर ते रोग दाबतं, निदान लांबवतं आणि औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंना वाव देतं. साठ वर्षांपूर्वीचं मिक्श्चर निदान निरुपद्रवी होतं. आजच्या या पट्ट्या तशा नाहीत.

मग शेजारीण सांगते, वॉर्डातल्या नम्म क्लिनिकमध्ये जा, पैसे पडत नाहीत. तुम्ही जाता. बाकावर बसून आजूबाजूला बघा, कारण संसर्गजन्य रोगांशी रोजची लढाई इथं चालते. एका आईच्या मांडीवर तापाचं पोर आहे, चौथा दिवस. डॉक्टर डेंग्यूची तपासणी लिहितात. तापाला फक्त पॅरासिटॅमॉल द्या म्हणतात, दुखण्यावरची दुसरी गोळी नको. आणि बजावतात की ताप उतरल्यावरच खरी जपणूक. पोट दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, पोर सुस्त झालं, तर थेट मोठं हॉस्पिटल. दुसऱ्या बाळाला जुलाब आहेत. सलाइन लावा म्हणून बाप हट्ट धरतो. नर्स त्याच्यासमोर लिटरभर पाण्यात ओआरएसची पुडी कालवते, चमच्यानं पाजायला बसवते, आणि झिंकच्या गोळ्या १४ दिवस न चुकता द्यायला सांगते. तिसरा शाळकरी मुलगा, नाक वाहतंय, घसा लाल, ताप नाही. त्याला अँटिबायोटिक मिळत नाही. आजी नाराज होते. डॉक्टर दोन मिनिटं खर्चून समजावतात की सर्दीच्या विषाणूवर या गोळ्या चालत नाहीत, उगाच घेतल्या तर पुढं खरी गरज लागेल तेव्हा लागू पडणार नाहीत.

प्राथमिक आरोग्यसेवेचं अवघड काम हेच. दिवसात साठ-सत्तर माणसं येतात. बहुतेकांना धीर, पाणी आणि विश्रांती पुरते. त्यातल्या एखाद्याच्या खोकल्यामागं क्षय असतो, एखाद्या तापामागं डेंग्यू, एखाद्या बाळाच्या सर्दीमागं न्यूमोनिया. सगळ्यांना गोळ्या देणं सोपं आहे, कुणालाच न देणंही सोपं आहे. तो एखादा ओळखायचा तर प्रश्न विचारावे लागतात.

तुमची पाळी येते. नर्स रजिस्टर उघडते. "केम्मु एष्टु दिनदिंद इदे, अण्णा?" खोकला किती दिवसांपासून, एवढाच प्रश्न. तुम्ही तोडक्या कानडीत सांगता, तीन आठवडे. ती पेन थांबवते. वजन घेते, चार किलो कमी. घाम येतो का? घरात कोण कोण आहे? आधी कुठल्या गोळ्या घेतल्या? मेडिकलची चिठ्ठी असेल तर दाखवा. मग तुमच्या हातात झाकणाची डबी येते. सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून खोकायचं. तोंडातली लाळ नको. मोकळ्या हवेत, माणसांपासून लांब.

ही डबी जिथं जाते तिथलं यंत्र पाहण्यासारखं आहे. ट्रूनॅट. टेबलाच्या कोपऱ्यावर मावतं, बॅटरीवर चालतं, एसी खोली लागत नाही. जंतूचा डीएनए शोधून तास-दीड तासात सांगतं की क्षय आहे का, आणि असल्यास तो रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देईल का, हेही आणखी तासाभरात. याच बेंगळुरूतल्या बिगटेक लॅब्सनं ते विकसित केलं, गोव्याच्या मोलबायो कंपनीनं बनवलं, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिली. प्राथमिक आरोग्य केंद्रातच वापरता यावं हा त्यामागचा हेतू. ॲव्हलॉन बंगल्यातल्या टेबलावर जी मागणी मांडली गेली होती, तिला याच शहरानं दिलेलं हे उत्तर आहे.

तुमचा अहवाल येतो. क्षय आहे, औषधाला दाद देणारा आहे. सहा महिने गोळ्या. पहिले दोन महिने चार औषधं, नंतरचे चार महिने तीन, वजनाप्रमाणे, एकाच गोळीत एकत्र केलेली. लघवी नारिंगी होईल, घाबरायचं नाही. तुमचं नाव क्षयरोग्यांच्या सरकारी 'निक्षय' नोंदीत जातं. सकस आहारासाठी महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. हे पैसे म्हणजे औषधाचाच भाग समजा. मंगळुरूच्या येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयातल्या अनुराग भार्गव यांच्या गटानं झारखंडात दाखवून दिलंय की रोग्याच्या घरच्यांना पुरेसं धान्य-डाळ दिली तर त्यांच्यात नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी घटतं. हे २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. खोलीत तुमच्यासोबत झोपणाऱ्या भावाची आणि त्याच्या लहान मुलीचीही तपासणी होते. मुलीला रोग नाही, तरी तो होऊ नये म्हणून औषध सुरू होतं. वही-पेन घेऊन कुणीतरी पुन्हा तुमच्या दाराशी येतं. या वेळी ती आशाताई असते, आणि तिला पाहून कुणी दार ओढून घेत नाही.

आता दार कुणाचं?

इथवर आलात म्हणजे सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. जगातल्या दर चार क्षयरोग्यांपैकी एक अजूनही भारतात आहे. औषध आहे, यंत्र आहे, कायदा आहे. २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही क्षयरोग्याची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक आहे. तरीही तुमचे पहिले दोन आठवडे वाया गेले, कारण तुमचं पहिलं दार मेडिकलचं काउंटर होतं आणि तिथं तुम्हाला कुणी काही विचारलं नाही. चिकपेठेतल्या म्हातारीला कळत होतं, तुमकूरच्या शेतकऱ्याला कळत होतं, पीण्याच्या ड्रायव्हरलाही कळतं. रोग्याच्या अज्ञानावर आपण फार बोललो. आता दारातल्या माणसाच्या घाईवर बोललं पाहिजे.

ही घाई नुसत्या उपदेशानं जाणार नाही. एका डॉक्टरसमोर दिवसाला शंभर माणसं बसवून प्रश्नांची अपेक्षा धरता येत नाही. तंत्रज्ञाची जागा रिकामी ठेवून डबी वाटण्यात अर्थ नाही. ट्रूनॅटच्या चिप संपल्या की यंत्र शोभेचं होतं, गोळ्यांचा पुरवठा महिनाभर तुटला की बरा होत आलेला माणूस पुन्हा आजारी पडतो. वॉर्डातल्या दवाखान्यात किती जागा भरल्या आहेत, साठा किती दिवसांचा आहे, हे आपण आपल्या नगरसेवकाला, आमदाराला रस्त्याच्या खड्ड्याइतक्याच हक्कानं विचारलं पाहिजे. कंत्राटावर राबणाऱ्या नर्सचा पगार आणि आशाताईचं मानधन वेळेवर होतं का, हा आपल्या घरातल्या तापाचाच प्रश्न आहे.

आणि आजपासून एवढं तर तुमच्या हातात आहे. घरात, गाडीत, कामावर कुणाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर त्याला सिरप सुचवू नका. "किती दिवस झाले?" हे विचारा आणि बेडका तपासायला सोबत जा. तपासणी फुकट आहे, औषध फुकट आहे, रोग बरा होणारा आहे. तुम्ही काउंटरमागं उभे असाल, मेडिकलमध्ये, दवाखान्यात, कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत, तर गोळ्यांच्या पट्टीला हात घालण्याआधी तोच प्रश्न विचारा. समोरचा माणूस उत्तर देईल. तो नेहमीच देत आला आहे.